ग्रहांच्या पोटात काय आहे, हे घनतेवरून कसं कळतं?

आठही ग्रहांची घनता एका कागदावर लिहून काढली, तर दोन जोड्या लगेच नजरेत भरतात. पृथ्वी ५.५१ आणि बुध ५.४३. गुरू १.३३ आणि युरेनस १.२७. एक घनसेंटिमीटर जागेत सरासरी किती ग्रॅम ऐवज आहे, ते हा आकडा सांगतो. पाण्याचा आकडा १ धरला, म्हणजे पृथ्वी पाण्याच्या साडेपाच पट दाट झाली. ज्यांची घनता सारखी ते सारख्याच मालाचे बनलेले असणार, असं कुणालाही वाटेल. पण बुधाचं जवळजवळ सत्तर टक्के वस्तुमान धातूचं आहे, पृथ्वीचं जेमतेम एक तृतीयांश. गुरू जवळजवळ सगळाच हायड्रोजन आणि हेलियमचा आहे, युरेनसमध्ये हे वायू थोडे आणि बाकीचा माल त्यांच्यापेक्षा बराच जड.

उलटंही घडतं. गुरू आणि शनी एकाच प्रकारच्या वायूंचे बनलेले, तरी शनीची घनता ०.६९, म्हणजे गुरूच्या जवळपास निम्मी.

ग्रहांच्या तक्त्यात व्यास, दिवसाची लांबी, चंद्रांची संख्या असं बरंच काही असतं आणि घनतेच्या रकान्यावरून नजर सहसा घसरून पुढे जाते. मला मात्र तोच रकाना सगळ्यात मोलाचा वाटतो. ग्रह आतून कसा आहे हे पाहायला उघडणारी ती पहिली खिडकी आहे. तिच्यातून पाहायचं कसं, एवढं मात्र शिकून घ्यावं लागतं.

ग्रहाचं वजन करायचं कसं?

घनता काढायला दोन गोष्टी हव्यात: ग्रहाचा आकार आणि त्याचं वस्तुमान. आकाराचं काम त्यामानाने सरळ आहे. दुर्बिणीतून ग्रहाची चकती किती मोठी दिसते ते मोजायचं, ग्रह किती लांब आहे हे माहीत असलं की व्यास निघतो. वस्तुमानाचं तसं नाही. ग्रह काही तागडीत घालता येत नाही. त्याच्याभोवती फिरणारं काहीतरी मात्र पाहता येतं, आणि ते किती वेगाने फिरतं यावरून मधला पिंड किती जोराने ओढतोय ते कळतं.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूशेजारी चार ठिपके पाहिले. त्यांतला सगळ्यात आतला म्हणजे आयो. तो गुरूपासून ४,२१,७०० किलोमीटरवर आहे. आपला चंद्र पृथ्वीपासून ३,८४,४०० किलोमीटरवर. दोन्ही अंतरं जवळपास सारखी. पण चंद्राला एका फेरीला २७.३ दिवस लागतात आणि आयोला फक्त १.७७ दिवस, म्हणजे साडेबेचाळीस तास. अंतर सारखंच असून आयो एवढा धावतो, कारण गुरूची ओढ तेवढी जबर आहे.

ती किती जबर, हे कागद-पेन्सिलीने काढता येतं. मधल्या पिंडाचं वस्तुमान अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतं आणि फेरीच्या वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. चंद्राची फेरी आयोच्या १५.४४ पट लांब, त्याचा वर्ग साधारण २३८. आयोचं अंतर चंद्राच्या १.०९७ पट, त्याचा घन १.३२. दोन्हींचा गुणाकार करा, ३१५ येतात. गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. राहिलेले तीनसुद्धा कुठे गेले ते सांगता येतं: चंद्र स्वतः पृथ्वीच्या एक्याऐंशीव्या भागाएवढा जड आहे आणि वरच्या हिशेबात आपण ते धरलं नव्हतं. हा गुणाकार एकदा स्वतःच्या हाताने करून पाहाच. करोडो किलोमीटर लांबच्या ग्रहाचं वस्तुमान आपल्याच वहीत उतरतं, तो आनंद नुसतं वाचून मिळत नाही.

आता गुरूत १,३२१ पृथ्व्यांएवढी जागा आहे आणि वस्तुमान मात्र ३१८ पृथ्व्यांएवढंच. ३१८ ला १,३२१ ने भागून पृथ्वीच्या ५.५१ ने गुणलं की १.३३ हा आकडा हातात येतो.

ज्या ग्रहाला चंद्र नाही तिथे पंचाईत होती. मंगळाचे चंद्र १८७७ च्या ऑगस्टपर्यंत कुणाला दिसलेच नव्हते. तोवर त्याचं वस्तुमान शेजारच्या ग्रहांच्या वाटा किती हलकेच वाकतात यावरून, मोठ्या खटपटीने काढावं लागे. असफ हॉलला फोबोस आणि डायमोस सापडले आणि ते काम कितीतरी सोपं झालं. बुध आणि शुक्र यांना चंद्रच नाहीत. बुधाचा नेमका आकडा मिळायला १९७४ साली मरिनर १० यान त्याच्या जवळून जावं लागलं. यानाचा वेग बुधाने किती बदलला, ते त्याच्या रेडिओ लहरींवरून मोजता आलं.

बंद खोलीतले शिशाचे गोळे

पण वरचा सगळा हिशेब ‘पृथ्वीच्या इतक्या पट’ असा आहे. मग पृथ्वीचं वस्तुमान किती? त्यासाठी आधी हे कळायला हवं की माहीत असलेलं वस्तुमान दुसऱ्या वस्तूला किती ओढतं.

हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये ते मोजून दाखवलं. साधारण दोन मीटर लांबीचा लाकडी दांडा बारीक तारेने टांगलेला, त्याच्या दोन टोकांना शिशाचे छोटे गोळे. त्यांच्याजवळ आणायचे १५८ किलोचे दोन मोठे शिशाचे गोळे. मोठा गोळा छोट्याला ओढतो, दांडा किंचित वळतो, तार पिळते. ही हालचाल जेमतेम चार मिलिमीटरची. माणूस खोलीत नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलेल आणि सगळं मोजमाप बिघडेल, म्हणून कॅव्हेंडिशने खोली बंद ठेवली आणि बाहेरून, भिंतीतल्या भोकांमधून, दुर्बिणीने दांडा पाहिला. एवढ्या निगुतीने निघालेलं उत्तर होतं: पृथ्वी पाण्याच्या सुमारे साडेपाच पट दाट आहे. सव्वादोनशे वर्षांनंतरचा आकडा त्याच्यापासून एक-दीड टक्काच हलला आहे.

ह्या उत्तरात एक मोठी बातमी दडलेली होती. आपल्या पायाखालचा ग्रॅनाइट २.७ च्या आसपास असतो, बेसाल्ट ३ च्या. सगळी पृथ्वी अशाच दगडाची असती, तर सरासरी साडेपाच कुठून येणार? आत खोलवर काहीतरी फार दाट असलंच पाहिजे. विश्वात भरपूर सापडणारा आणि एवढा जड पदार्थ म्हणजे लोखंड. पुढे भूकंपाच्या लहरींनी ह्याला दुजोरा दिला. लहरी पृथ्वीच्या पोटातून जाताना कुठे वळतात, कुठे अडतात ते पाहून ३,४८० किलोमीटर त्रिज्येचा गाभा सापडला, आणि १९३६ मध्ये इंगे लेहमान यांनी त्याच्याही आत एक वेगळा गाभा असल्याचं दाखवलं.

दबलेलं लोखंड, न दबलेलं लोखंड

आता पहिल्या जोडीकडे येऊ. बुध आणि पृथ्वी यांची घनता सारखी असताना बुधात लोखंड दुप्पट कसं?

उश्यांची उंच रास रचली की सगळ्यात खालची उशी चपटी होते. ग्रहाच्या आतही हेच होतं. वरच्या थरांचा सगळा भार खालच्या थरांवर असतो आणि पृथ्वीच्या केंद्रात हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ३६ लाख पट होतो. हातात धरलेल्या लोखंडाची घनता ७.९ असते. पृथ्वीच्या मध्यभागी मुख्यतः लोखंडच आहे, पण दबून दबून तिथली घनता १३ च्या घरात गेली आहे. म्हणजे पृथ्वीच्या ५.५१ मध्ये निव्वळ मालाबरोबर चेपण्याचाही बराच वाटा आहे. हा दाब हिशेबातून काढून टाकला, तर पृथ्वीचा आकडा ४ च्या आसपास उतरतो.

बुधाचा व्यास फक्त ४,८८० किलोमीटर आणि वस्तुमान पृथ्वीच्या अठराव्या भागाएवढं. एवढासा ग्रह स्वतःला चेपणार किती? त्याचा दाब काढून टाकला तरी आकडा ५.३ वर राहतो. ही घनता दाबाने आलेली नाही, ती त्याच्या मालाचीच आहे. मेसेंजर यानाने २०११ ते २०१५ या काळात बुधाभोवती फिरून जे मोजलं, त्यावरून त्याचा गाभा त्रिज्येच्या सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत पसरलेला दिसतो. वर दगडाची सालच काय ती उरली आहे. एवढं लोखंड कुठून आलं, यावर अजून वाद आहे. एका मोठ्या धडकेत वरचा दगडी थर उडून गेला असं काही जण म्हणतात, तर सूर्याजवळ लोखंडच जास्त गोळा झालं असं काहींचं म्हणणं आहे.

ह्याच घनतेमुळे आणखी एक गंमत होते. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट आहे, तरी दोन्हींच्या पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण अगदी सारखं, पृथ्वीच्या ३८ टक्के. पृष्ठभागावरची ओढ घनता आणि व्यास यांच्या गुणाकारावर ठरते. बुधाचे ५.४३ गुणिले ४,८७९ करा, मग मंगळाचे ३.९३ गुणिले ६,७७९ करा. दोन्ही उत्तरं २६ हजार ५०० च्या आसपास येतात. बुध लहान असला तरी दाट आहे, आणि त्याच्यावर उभं राहणारा त्याच्या केंद्राच्या जास्त जवळ असतो.

मंगळ घनतेत मागे का, तेही आता सांगता येईल. तो लहान असल्याने फारसा दबलेला नाही आणि त्याच्या गाभ्यात लोखंडाबरोबर गंधकासारखी हलकी मूलद्रव्यंही बरीच आहेत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाने तिथली जमीन थरथरते ती चार वर्षं टिपली आणि तो गाभा वितळलेला असल्याचं ओळखलं.

शुक्राबाबत मात्र घनता फार थोडं सांगून थांबते. शुक्र ५.२४, व्यास १२,१०४ किलोमीटर, म्हणजे आतून पृथ्वीचं भावंडच. पण वर कार्बन डायऑक्साइडचा एवढा जाड थर आहे की जमिनीवर ९२ पट दाब आणि ४६५ अंश सेल्सिअस तापमान. १९८२ च्या मार्चमध्ये तिथे उतरलेलं व्हेनेरा १३ यान १२७ मिनिटं तग धरून राहिलं, आणि एवढं टिकणंही फार मोठं यश होतं. घनता पोटातलं सांगते, अंगावरचं सांगत नाही.

वायूचे ग्रह आणि त्यांचं स्वतःचंच ओझं

सूर्याजवळ दाट ग्रह आणि लांबवर हलके, ही वाटणी जन्माच्या वेळीच झाली. नव्या सूर्याभोवतीच्या वायू आणि धुळीच्या ज्या तबकडीतून ग्रह घडले, तिच्यात अठ्ठ्याण्णव टक्के हायड्रोजन आणि हेलियमच होते. सूर्याजवळच्या उष्णतेत धातू आणि दगडाचेच कण टिकायचे. बरेच पुढे, जिथे पाणी गोठू शकत होतं, तिथे बर्फाचीही भर पडली, ग्रहांचे गाभे झपाट्याने वाढले आणि पुरेसे जड झाल्यावर आजूबाजूचा वायू ओढून घेऊ लागले. गुरू आणि शनी यांनी तो भरपूर ओढला.

मग गुरू शनीच्या दुप्पट दाट कशामुळे? शनी ९५ पृथ्व्यांएवढा जड, गुरू ३१८. वस्तुमान तिपटीहून जास्त, पण व्यास मात्र जेमतेम सव्वा पट. वरून जास्तीचा जो वायू पडला, त्याने गुरू फुगला कमी आणि आतून चेपला गेला जास्त. आणखी काही पट वायू ओतला तरी तो फारसा मोठा होणार नाही. गुरूच्या कित्येक पट जड असलेले तपकिरी बटू नावाचे पिंड आकाराने गुरूएवढेच असतात, ते ह्याच कारणाने. आत खोलवर हा दाब इतका होतो की हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि तो धातूसारखा वागू लागतो, त्यातून वीज वाहते. गुरूचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र तिथूनच येतं.

शनी पाण्यावर तरंगेल, हे वाक्य बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. आकडा ०.६९ आहे, तेव्हा हिशेबाने ते बरोबर आहे. तरी मला ते खटकतं, कारण त्याने शनी म्हणजे एकसारख्या हलक्या बुचाचा गोळा, असं चित्र मनात बसतं. ०.६९ ही सरासरी आहे. वरचे ढग पाण्यापेक्षा कितीतरी विरळ आहेत आणि मध्यभाग पाण्यापेक्षा कितीतरी दाट.

मध्यभाग दाट आहे हे शनीच्या आकारावरूनही ताडता येतं. शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो आणि त्या वेगाने त्याची कंबर सुटली आहे. विषुववृत्तावर त्याचा व्यास १,२०,५३६ किलोमीटर, ध्रुवांमधून १,०८,७२८. फरक जवळजवळ एका पृथ्वीएवढा! पृथ्वीत हा फरक फक्त ४३ किलोमीटरचा आहे. गुरूचंही तेच, दहा तासांहून कमी दिवस आणि नऊ हजार किलोमीटरहून जास्त फरक. छोट्या दुर्बिणीतूनही गुरूची चकती आडवी ताणल्यासारखी दिसते. एकदा लक्षात आलं की पुन्हा ती गोल वाटतच नाही. एवढ्या वेगाने फिरणारा ग्रह सगळीकडे सारखाच दाट असता, तर आहे त्याहून जास्त चपटा झाला असता. कमी चपटा आहे, म्हणजे बराच माल मध्याशी एकवटलेला आहे.

पण तो गाभा म्हणजे आंब्यातल्या कोयीसारखा वेगळा काढता येईल असा कठीण गोळा असेल, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. जुनो यान २०१६ च्या जुलैत गुरूभोवती फिरू लागलं. त्याच्या वेगातले अगदी बारीक फरक मोजल्यावर असं दिसलं की गुरूचा गाभा कडेने विरघळल्यासारखा आहे, जड मूलद्रव्यं हायड्रोजनमध्ये दूरपर्यंत मिसळलेली आहेत. शनीबाबत तर त्याच्या कड्यांनीच साक्ष दिली. शनी आतून सतत किंचित स्पंदन पावतो, त्याने त्याची ओढ किंचित कमी-जास्त होते आणि कड्यांमध्ये नागमोडी लहरी उठतात. २०१७ मध्ये संपलेल्या कॅसिनी मोहिमेच्या नोंदींतून ह्या लहरी अभ्यासल्या गेल्या, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष निघाला की शनीचा विरघळलेला गाभा त्रिज्येच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत पसरलेला आहे. भूकंपाच्या लहरींनी पृथ्वीचं पोट उलगडलं, तसंच हे.

युरेनसचं १.२७

राहिली दुसरी जोडी. युरेनस आणि गुरू यांची घनता सारखी, मग युरेनस हा छोटा गुरूच का म्हणू नये?

उत्तर आता आपल्या हातात आहे. युरेनस फक्त साडेचौदा पृथ्व्यांएवढा जड आहे. हायड्रोजन-हेलियम दाबून १.२७ करायला लागतं तेवढं ओझं त्याच्याकडे नाही. ९५ पृथ्व्यांएवढा शनी तेच वायू घेऊन ०.६९ च्या वर जाऊ शकला नाही, तिथे युरेनस कसा जाईल? म्हणजे त्याचा मालच मुळात जड हवा: पाणी, अमोनिया, मिथेन आणि दगड. नेपच्यूनचंही तसंच. तो व्यासाने युरेनसहून थोडा लहान, पण वस्तुमानाने जास्त, १७ पृथ्व्यांएवढा, म्हणून त्याची घनता १.६४. ह्या दोघांना बर्फाळ महाग्रह म्हणतात. नाव फसवं आहे. आतलं हे ‘बर्फ’ गार नाही आणि घट्टही नाही, तो हजारो अंश तापलेला, दाबाखालचा दाट द्रव आहे.

इथे घनतेची खिडकी धूसर होते. दगड आणि हायड्रोजन ठरावीक प्रमाणात मिसळले, तर त्या मिश्रणाची घनता पाण्याच्या बर्फासारखीच येते. तेव्हा युरेनसच्या आत खरंच बर्फ जास्त आहे की दगड जास्त आहे, हे एका सरासरीवरून सुटत नाही. त्यात एक कोडं आणखी आहे. नेपच्यून सूर्याकडून मिळणाऱ्या उष्णतेच्या अडीच पटीहून जास्त उष्णता बाहेर टाकतो, युरेनस मात्र आतून फारच थोडी उष्णता सोडतो. जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन ग्रहांत हा फरक का, याचंही उत्तर त्यांच्या पोटातच आहे.

ते शोधायला जुनो आणि कॅसिनीसारखं यान तिथे वर्षानुवर्षं फिरत राहायला हवं. युरेनसजवळ आजवर एकच यान गेलं, व्हॉयेजर २, तेही २४ जानेवारी १९८६ रोजी, न थांबता. साडेतीन वर्षांनी तेच नेपच्यूनजवळून गेलं. ग्रहविज्ञानात पुढच्या दशकात काय करावं, याचा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींचा अहवाल २०२२ मध्ये आला. त्यात नव्या मोठ्या मोहिमांमध्ये पहिला क्रमांक युरेनसभोवती फिरणाऱ्या आणि त्याच्या वातावरणात एक उपकरण सोडणाऱ्या यानाला दिलेला आहे.